त्रिपुराक्का कुणावरही विश्वास ठेवत नाहीत

अण्णा नगरमधल्या एका खाजगी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात शिरलं की डाव्या हाताला एक टेबल लागतं. त्या टेबलामागे त्रिपुरसुंदरी सिस्टर बसतात. वय बावन्न, उंची बेताची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नजर अशी, की धडधाकट माणसालाही वाटावं, आपल्याला काहीतरी झालेलं आहे आणि ते आपण लपवतो आहोत. आलेल्या रोग्यांपैकी आधी कोणाला बघायचं आणि कोण थांबू शकतो, हे ठरवणं त्यांचं काम. इस्पितळात सगळे त्यांना त्रिपुराक्का म्हणतात.

अक्कांचा कुणावरही विश्वास नाही. शहाळेवाल्याने ‘मलईचं आहे’ म्हटलं की त्या कानाशी धरून हलवून बघतात. इस्पितळातल्या ताप मोजायच्या यंत्रावर विश्वास नाही म्हणून स्वतःचं दुसरं आणतात, आणि दोन्ही यंत्रांनी एकच आकडा दाखवला तर दोघांनी संगनमत केलंय असं समजून रोग्याच्या कपाळावर हात ठेवतात. त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून तंजावरला कसे आले याच्या घरात तीन कथा आहेत. अक्कांना तिन्ही खोट्या वाटतात. नवरा सुंदर, बँकेतून निवृत्त झालेला गरीब माणूस. एकदा त्याने सणवार नसताना मोगऱ्याचा गजरा आणला. अक्कांनी तो हातात घ्यायच्या आधी विचारलं, “काय फोडलांत?”

मिक्सरचं भांडं फुटलं होतं. म्हणजे पंचाईत अशी, की अक्कांचा संशय बहुतेक वेळा खरा निघतो. एखाददुसऱ्या वेळी तो खोटा निघाला असता, तर घरातले आणि इस्पितळातले लोक जरा सुखाने जगले असते.

पण हा संशय जन्मजात नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी अक्का नवशिक्या असताना दुसऱ्या एका इस्पितळात एक रिक्षावाला आणला गेला. शिव्या देत होता, थुंकत होता, डॉक्टरांच्या अंगावर धावून गेला. वेड लागलंय म्हणून त्याला खाटेला बांधला. गाठी अक्कांनीच मारल्या, चांगल्या पक्क्या. दोन तासांनी तो गप्प झाला तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. मग कुणीतरी बोटाला सुई टोचून साखर तपासली, तर ती जवळजवळ उरलीच नव्हती. माणूस जगला, पण पुढे त्याला आईची ओळख पटली नाही. त्या दिवसापासून ‘वेडा आहे’ हे दोन शब्द ऐकले की अक्कांच्या कपाळावर आठी उभी राहते. आधी साखर, मग नाडी, ताप, रक्तदाब, श्वास. एवढं सगळं निर्दोष सुटलं तरच मनावर आरोप ठेवायचा, असा त्यांचा नियम. पोलिसांनीही एवढी चौकशी करून अटक केली तर कोर्टांचं निम्मं काम कमी होईल.

पुरट्टासी या तमिळ महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, दारात एक मोठी पांढरी गाडी थांबली. गाडी चालवणारे गृहस्थ आधी उतरले. सोनेरी काठाची वेष्टी म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, रेशमी सदरा आणि सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत कॉफीचा ताजा डाग. मागच्या दारातून एक साठीची बाई उतरली, कांजीवरम नेसलेली, डोक्यात भरगच्च फुलं, डोळ्यांत पाणी. शेवटी तिने आणि रखवालदार वेंकटने मिळून एका उंच, किडकिडीत माणसाला बाहेर काढलं. तोही रेशमी वेष्टीत. तो झोकांड्या खात होता, हात लटलट कापत होते, आणि जड जिभेने सांगत होता की या गाडीत मागच्या सीटखाली माणूस लपलेला आहे.

वेंकटने वाकून सीटखाली बघितलं. वेंकट अक्कांच्या हाताखाली तयार झालेला होता.

“नांव?” अक्कांनी विचारलं.

“हरिप्रसाद,” बाई म्हणाल्या. “तांबरमच्या शाळेंत गणिताचे सार होते. आतां निवृत्त. मी जयंती, त्यांची बायको.”

बोली ओळखीची निघाली. तंजावरची मराठी, अनुस्वारांसकट, ‘सर’चं ‘सार’ करणारी. अक्कांनी चष्मा वर केला.

“काय जालें?”

“काहीं नाहीं, अक्का. ऊन लागलें.”

“आधीं काहीं आजार?”

“काहीं नाहीं.”

“गोळ्या? रोजच्या?”

“छे, छे! गोळी कसली? काहीं नाहीं!”

एका माणसाला दोघांनी धरून आणलंय, तो सरळ उभा राहू शकत नाही, आणि बायको तीनदा ‘काही नाही’ म्हणते. अक्कांनी कागदावर ‘काही नाही’ असं लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

कॉफीवाले गृहस्थ पुढे आले. “मी प्रतापसिंह. जॉर्ज टाउनांत कुलपांचा घाऊक धंदा आहे माझा. माझ्या भाच्याला यांची पोरगी सांगून आली, आज लग्नाचा निश्चय करायला गेलों. यांनीं कॉफी माझ्या आंगावर ओतली, पायसांत विष आहे म्हणाले, वर मला ढकललें. स्पष्ट सांगतों सिस्टर, माणूस प्यालेला आहे.”

“ते कधीं थेंबही घेत नाहींत!” जयंतीबाई कळवळल्या.

“मग वेड असेल,” प्रतापसिंह म्हणाले. आणि जयंतीबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं कुलपं विकून त्यांना एवढं कळत होतं, की जिथे कुलूप दिसतं तिथे आत काहीतरी ठेवलेलं असतं.

जयंतीबाईंचा चेहरा पांढरा पडला. अक्कांनी तेही टिपलं. ‘प्यालेला’ ऐकून बाई चिडल्या होत्या. ‘वेड’ ऐकून घाबरल्या होत्या.

एवढ्यात, वेंकटने रोग्याला नेऊन बसवलं होतं त्या आतल्या खोलीतून धाडकन आवाज आला. हरिप्रसादसारांनी सलाईन टांगायचा लोखंडी स्टँड उचलला होता आणि ते कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून भाल्यासारखा तो धरून उभे होते. पाय थरथरत होते, स्टँडची चाकं हवेत गरगरत होती.

त्या दिवशीचे डॉक्टर होते अमोघ, नाशिकहून दोन वर्षांपूर्वी आलेले. हुशार, भला मुलगा. फक्त घाई फार. त्यांनी एका नजरेत निदान केलं. “सिस्टर, चार जण बोलवा. धरू, बांधू, झोपेचं इंजेक्शन देऊ. नंतर मनोरुग्णांच्या इस्पितळाची गाडी मागवू. इथे हा माणूस ठेवता येणार नाही.”

“साखर बघितली?”

“सिस्टर, त्याच्या हातात लोखंड आहे!”

“लोखंड हातांत आहे. साखर बोटांत आहे. मला दहा मिनिटें द्या, डॉक्टर.”

“पाच.”

“दहा,” अक्का म्हणाल्या. भाजीवाल्याशी त्या याच आवाजात बोलत, फरक एवढाच की तिथे आकडा उलट्या बाजूने जाई.

मग त्यांनी आपली पद्धत सुरू केली. गर्दी बाहेर. ट्रे, कात्र्या, सुया, पाणी पिण्याचं काचेचं भांडं, सगळं वेंकटच्या हातून बाहेर. टीव्ही बंद. वेंकट दाराशी, पण दार अडवून नाही. रोग्याला वाट दिसली पाहिजे आणि आपल्यालाही. बोलणार एकच जण. अक्कांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात टाकलं, कारण त्याची दोरी धरून कुणी ओढली तर गळा आपला असतो. एक स्टूल ओढून त्या जरा तिरक्या, दोन हात लांब, सारांपेक्षा खाली बसल्या आणि हात मांडीवर उघडे ठेवले.

“सार, मी त्रिपुरसुंदरी. येथली नर्स. तुम्हांला कोणी हात लावणार नाहीं. तो दांडा जड आहे, हात दुखतील. भिंतीला टेकवून ठेवलांत तरी तुमच्या जवळच राहील.”

“तुला त्यांनीं पाठवलें.”

“कोणीं?”

“माप घ्यायला आलेत ते. घराचें.”

“मला पगार इस्पितळ देतें. तोही उशिरा. पाणी देऊं?” प्लास्टिकची बाटली त्यांनी पुढे केली.

“तूं पी आधीं.”

अक्का प्यायल्या.

“गिळलें नाहींस. तोंडांत धरलेंस.”

अक्कांनी तोंड उघडून दाखवलं. त्यांना मनातून आदर वाटायला लागला होता. बावन्न वर्षांत आपल्या तोडीचा संशयी माणूस पहिल्यांदा भेटत होता, आणि तोही आजारी.

“बरोबर आहे तुमचें,” त्या म्हणाल्या. “मीही असेंच म्हटलें असतें. भीति वाटते ना?”

“वाटते,” हरिप्रसादसार म्हणाले. स्टँड हळूहळू खाली आला. त्यांनी बाटली घेतली आणि ते अधाशासारखं पाणी प्यायले. निम्मं सदऱ्यावर सांडलं. जीभ कोरडी, तडकलेली. अक्कांनी बघून घेतलं.

“आतां एका बोटाला सुई टोचायची आहे. कोणतें बोट, तुम्हीं सांगा.”

“तुझें आधीं.”

दाराबाहेर डॉक्टर अमोघांनी घड्याळ बघितलं. अक्कांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. यंत्राने दोनशे चौदा दाखवले. अक्कांनी यंत्राकडे तुच्छतेने बघितलं, वेंकटकडून दुसरं मागवलं, नवीन सुई लावली आणि दुसऱ्या बोटाला टोचली. त्याने दोनशे अकरा दाखवले.

“सिस्टर,” बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला, “सकाळी काय खाल्लंत?”

“आपण येथें यांच्यासाठीं उभे आहोंत,” अक्का म्हणाल्या. हरिप्रसादसारांनी मात्र ते दृश्य बघून समाधानाने करंगळी पुढे केली. त्यांची साखर एकशे सहा निघाली. निर्दोष.

नाडी जलद. ताप नाही. तोंडाला दारूचा वास नाही. तो तर अक्कांनी गाडीच्या दारातच हुंगला होता. वेष्टीला मागून डाग होते, म्हणजे पोट बिघडलेलं. आणि हात! भीतीने हात कापतात ते बारीक. हे हात पाखडल्यासारखे हलत होते.

“सार, आज वार कोणता?”

सारांनी विचार केला. “मार्च,” ते म्हणाले. मग, “सातवीचा पेपर आहे.” आणि पुढच्याच क्षणी अगदी स्पष्ट, “बाई, तुमचा चष्मा पडेल.”

अक्का उठल्या आणि दाराशी आल्या. “डॉक्टर, हा माणूस घटकेंत येथें आहे, घटकेंत नाहीं. वार ठाऊक नाहीं, पाय जागेवर नाहींत, जीभ जड. हें नुसतें मनाचें नव्हे. शरीरांत काहीं शिरलें आहे.”

डॉक्टर अमोघ तसे प्रामाणिक. ते थांबले. “मग काय शिरलंय?”

“तेंच कोणी सांगत नाहीं.”

मागून हरिप्रसादसार ओरडले, “मीठ! मीठ चोरलें त्यांनीं! एकवीस दिवस जालें. सांबारांत नाहीं, भातांत नाहीं, ताकांत नाहीं. माझें मीठ कोणीतरी चोरालाहे!”

डॉक्टरांनी अक्कांकडे ‘बघा, झालं?’ अशा अर्थाने बघितलं. विष, माप घेणारे, सीटखालचा माणूस आणि आता मीठचोर. पण अक्कांची तत्त्वं पक्की होती. त्या शहाण्या माणसांवर विश्वास ठेवत नसत. तेव्हा भ्रमातला माणूस खोटंच बोलतो, यावर तरी का ठेवावा?

त्या जयंतीबाईंकडे गेल्या. “घरीं स्वयंपाक अळणी आहे?”

जयंतीबाईंनी मान खाली घातली. “उप्पिलियप्पनला नवस बोललें, अक्का. पोरीचें जमावें म्हणून. महिनाभर घरांत कोणींच मीठ खायचें नाहीं.”

कुंभकोणमजवळचा हा देव अक्कांनाही ठाऊक होता. त्याच्या नैवेद्यात मीठ घालत नाहीत, आणि लग्नं जमण्यासाठी त्या भागातली माणसं त्याला अळणी जेवणाचा नवस बोलतात. नवसात काही वाईट नव्हतं. जयंतीबाईंनीही एकवीस दिवस अळणी खाल्लं होतं आणि त्या सरळ उभ्या होत्या. मग त्याच जेवणाने सारच का पडावेत?

नवशिकेपणी अक्कांनी दोन वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काढली होती. तिथे एक विशिष्ट गोळी घेणाऱ्या रोग्यांना सुट्टी देताना घोकून सांगावं लागे: मीठ एकदम कमी करू नका, पाणी भरपूर प्या. लिथियम. मनाची भरती-ओहोटी जागेवर ठेवणारी, चांगली गोळी. पण शरीरातलं मीठ घटलं की मूत्रपिंडं ती बाहेर टाकेनाशी होतात आणि तिचंच विष साचतं.

“बाई,” अक्का हळू म्हणाल्या, “गोळी कोणती घेतात?”

जयंतीबाईंची नजर अक्कांच्या खांद्यावरून मागे गेली. तिथे प्रतापसिंह भिंतीवरची हात धुण्याच्या पद्धतीची चित्रं बघत उभे होते, अगदी कान देऊन.

“काहीं नाहीं घेत,” बाई पुटपुटल्या.

“वेंकट,” अक्का वळून म्हणाल्या, “या साहेबांची गाडी रुग्णवाहिकेच्या जागेंत आहे. त्यांना घेऊन जा आणि तळघरांत नीट लावून दे.”

“माझी गाडी नीटच लागली आहे,” प्रतापसिंह म्हणाले.

“खांबाला घासेल.”

गाडीवर प्रेम करणारा माणूस अशा वेळी स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही. प्रतापसिंह दोनदा मागे बघत गेले.

दार बंद झाल्यावर अक्कांनी जयंतीबाईंना खुर्चीवर बसवलं. “ऐका. मी तुमची सोयरीक मोडायला बसलें नाहीं. पण गोळीचें नांव नाहीं सांगितलेंत तर डॉक्टर त्यांना वेड म्हणून बांधतील, झोपेची सुई देतील, दुसरीकडे पाठवतील. तिकडे पोंचेपर्यंत मूत्रपिंडें जातील. कदाचित माणूसच जाईल. मी एकदां असें केलें आहे. ह्याच हातांनीं बांधला होता एकाला.”

जयंतीबाईंनी पर्स उघडली. आतून विभूतीची पुडी निघाली, पुडीच्या आत दुसरी पुडी, तिच्यात गोळ्यांची पट्टी.

“बावीस वर्षें जालीं, अक्का. एक दिवस चुकले नाहींत. त्याच गोळीवर दहावीचे वर्ग शिकवले. पण बाहेर कोणालाही ठाऊक नाहीं. पोरीलाही नाहीं.” मग त्यांना रडूच फुटलं. “आणि मीं... निश्चयाच्या धांदलींत जुनें दुखणें उसळूं नये म्हणून दोन आठवडे रोज एक जास्त दिली. ताकांत विरघळवून.”

एरवी असला कबुलीजबाब मिळाला की अक्कांच्या चेहऱ्यावर ‘सांगितलं नव्हतं?’ असा प्रकाश पडतो. या वेळी पडला नाही. त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि पट्टी डॉक्टरांपुढे धरली.

डॉक्टर अमोघांची घाई आता योग्य दिशेला लागली. झोपेचं इंजेक्शन परत कपाटात. हृदयाचा आलेख, सलाईन, रक्ताची तपासणी. प्रयोगशाळेचा माणूस हिरव्या झाकणाची नळी घेऊन आला, तर अक्कांनी त्याचं मनगट धरलं.

“ही कोणती?”

“नेहमीचीच, अक्का.”

“हिच्यांत रक्त गोठूं नये म्हणून जें घातलेलें असतें, त्यांतच लिथियम आहे. हिच्यांत घेतलेंस तर तुझ्या रक्तांतही विष निघेल. दुसरी आण.”

तो पळाला. डॉक्टर अमोघ बघत राहिले. “हे मला आठवलं नसतं,” ते म्हणाले. अक्कांनी या स्तुतीकडेही जरा संशयानेच बघितलं.

आकडा आला दोन पूर्णांक सहा. असायला हवा होता जास्तीत जास्त एक-सव्वाच्या आसपास. किडनीच्या डॉक्टरांनी संध्याकाळच्या आत डायलिसिस सुरू केलं. सारांना खाटेला कुणी बांधलं नाही. वेंकट आणि जयंतीबाई आळीपाळीने शेजारी बसले, आणि वॉर्डात खोली उजेडाची दिली, समोर मोठं घड्याळ आणि तारखांचा कागद लावलेली, म्हणजे डोळे उघडले की माणसाला आपण कुठे आहोत ते कळावं.

चौथ्या दिवशी सार शुद्धीवर होते. हात बारीक थरथरत होते, पण पाखडत नव्हते. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी येऊन गोळ्या नव्याने बसवायला घेतल्या होत्या. अक्का सकाळी पाळीवर जाण्याआधी तिसऱ्या मजल्यावर डोकावल्या, तेव्हा आत वाद चालला होता.

“प्रतापसिंहमामा आज येणार आहेत भेटायला,” जयंतीबाई सांगत होत्या. “ऊन लागलें म्हणूं. डॉक्टरांनाही तसें सांगायला सांगूं.”

“मीच सांगेन त्यांना,” सार म्हणाले.

“काय सांगाल?”

“गोळीचें.”

“एऽ, मोडेल सोयरीक!”

“मोडेल तर मोडूं दे. बावीस वर्षें तूं माझी गोळी विभूतींत लपवलीस, मीं तुला लपवूं दिली. त्या दिवशीं अक्कांना नांव सांगायला तुला किती वेळ लागला? तेवढ्यांत मी मेलों असतों, जयंती. पोरीच्या लग्नांत मला जिवंत यायचें आहे.” मग दमून उशीवर टेकले. “पोरीला मीं कालच सांगितलें. ती म्हणाली, ‘अप्पा, मला दहावीपासून ठाऊक आहे.’”

जयंतीबाईंचा हात तोंडावर गेला.

प्रतापसिंह अकराला आले. वीस मिनिटं आत होते. त्यानंतर ते लिफ्टने खाली उतरले आणि सरळ अक्कांच्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. आज सदरा स्वच्छ होता.

“सिस्टर, ते म्हणतात तें खरें?”

“रोग्याचें काहींही मी बाहेर सांगत नाहीं.”

“म्हणजे खरें.”

“म्हणजे सांगत नाहीं. तुमच्या घरच्या माणसाला कधीं येथें आणलेंत, तर त्याचेंही सांगणार नाहीं. पण ते आतां पूर्ण शुद्धीवर आहेत, त्यांनीं जें सांगितलें तें शुद्धीवर सांगितलें.”

प्रतापसिंहांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. “माझ्याजवळ चाळीस वर्षें लोक येतात,” ते म्हणाले. “सगळे विचारतात, कोणतें कुलूप तुटत नाहीं. आजवर कोणी येऊन असें म्हणाला नाहीं, कीं ही घ्या किल्ली, आंत काय आहे तें बघा.”

“मग?”

“बहिणीला विचारावें लागेल. भाच्याला विचारावें लागेल,” असं म्हणून ते वळले आणि लिफ्टकडे गेले.

हे होकाराचं बोलणं की नकाराचं, अक्कांना ठरवता येईना. ज्या माणसाला नाही म्हणायचं असतं तोही नेमका असाच घरच्यांवर हवाला टाकतो. लिफ्टचं दार बंद झालं. गाडी तळघरात होती. लिफ्ट खाली गेली तर सोयरीक गेली. अक्का मान लांब करून दारावरचा लाल आकडा बघत राहिल्या. आकडा एक झाला. मग दोन. मग तीन, आणि थांबला.

पण लिफ्टचं काय सांगावं? वरून कुणीतरी बटण दाबलं असेल. अक्कांनी वेंकटला टेबलापाशी बसवलं आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढल्या, दर मजल्यावर श्वास घेत. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. प्रतापसिंह सारांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते, फोन सारांच्या कानाशी धरला होता, कारण सारांचा हात अजून थरथरत होता. पलीकडून त्यांची बहीण मोठ्याने काहीतरी विचारत होती, आणि सार तिला गोळीचं नाव अक्षर अक्षर सुटं करून सांगत होते.